मांडी ते गुडघ्याखालील धमनी बायपास : टेबलावरचा रक्तप्रवाह आणि ऊसतोडीच्या हंगामातला ग्राफ्ट

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या ५६ वर्षांच्या एका ऊसतोड कामगाराच्या उजव्या पायावर छत्रपती संभाजीनगर येथे जून महिन्यात धमनी बायपास शस्त्रक्रिया करण्यात आली. ती शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची सुमारे अडीच वर्षे यांचा हा वृत्तांत आहे. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने प्रकरण दुर्मीळ नाही. मात्र शस्त्रक्रिया संपताना ग्राफ्टमधून, म्हणजे बंद धमनीला वळसा घालून जोडलेल्या शिरेतून, किती रक्त वाहते याचा मोजलेला आकडा आणि तो ग्राफ्ट पुढे किती काळ टिकतो, यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही, आणि ज्या काळात ग्राफ्टला खरा धोका असतो तो काळ आपल्याकडे बहुधा कारखान्यांच्या गाळप हंगामातच येतो, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र पाहता आल्या.

रुग्ण आणि पायाची अवस्था

रुग्णाला ११ वर्षांपासून मधुमेह होता आणि गोळ्या हातात पैसे असतील तशा चालत. विडी विशीपासून होती. दोन वर्षांपासून चालताना उजवी पोटरी भरून येई. घरापासून विहिरीपर्यंत जाताना एकदा तरी थांबावे लागे आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत दुखणे ओसरे. या तक्रारीला ‘नस दबली’ असे नाव मिळाले आणि कंबरेचा एक्स-रे व वेदनाशामक गोळ्या यांवर दोन हंगाम निघून गेले. वास्तविक कंबरेतील मज्जातंतू दबल्यामुळे येणारे दुखणे नुसते उभे राहिल्याने सहसा थांबत नाही, त्यासाठी बसावे किंवा पुढे वाकावे लागते; धमनी अरुंद झाल्यामुळे येणारे दुखणे मात्र उभ्याउभ्या ओसरते. एवढा एक प्रश्न तपासणीच्या टेबलावर विचारला गेला, तर आपल्याकडील अनेक पाय लवकर ओळखले जातील असे माझे मत आहे.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, रुग्ण गावी परतला आणि स्वतःच्या दीड एकरात काम करताना उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला तुरीचे धसकट लागले. जखम हळद भरूनही सुकली नाही, बोट काळे पडू लागले आणि मे महिन्यात रात्री आडवे झाले की पाय ठणके. शेवटचे काही आठवडे तो खाटेच्या कडेला पाय खाली सोडून, बसल्या बसल्याच झोपत होता. पाय खाली सोडला की गुरुत्वाकर्षणाने पावलातील दाब थोडा वाढतो आणि ठणका कमी होतो. असा रुग्ण दिसला की हा मधुमेही पायाचा साधा जंतुसंसर्ग नव्हे, हे गृहीत धरावे.

तपासणीत जांघेतील नाडी चांगली लागत होती, गुडघ्यामागे आणि पावलावर ती लागत नव्हती. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडावरचा रक्तदाब हा निर्देशांक मात्र १.१ आला. निर्देशांक ०.९ पेक्षा कमी असेल तर धमनीविकार मानला जातो, म्हणजे कागदावर हा पाय निरोगी होता. दीर्घकाळच्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठते, रक्तदाबाच्या पट्ट्याने त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटा वर जातो. बोटांच्या धमन्यांत हा दोष बराच कमी आढळतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाब मोजला. तो पाऱ्याच्या अवघा २४ मिलिमीटर होता. ३० च्या खालील दाबात जखम भरून येण्याची आशा धरता येत नाही.

सीटी अँजिओग्राफीत मांडीतील मुख्य धमनी मध्यापासून गुडघ्यामागपर्यंत, २० सेंटिमीटरहून अधिक लांबीत, पूर्ण बंद होती. गुडघ्याखाली ती पुन्हा भरत होती, पण तेथून पावलाकडे जाणाऱ्या तीन धमन्यांपैकी मागची बंद होती, पुढची जागोजागी अरुंद होती आणि नडगीच्या बाजूच्या बारीक हाडालगत जाणारी, म्हणजे पेरोनियल, हीच काय ती अखंड होती. मधुमेहात हे चित्र नेहमीचे आहे.

बायपास की फुगा

या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि ते वरवर परस्परविरोधी आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या १,८३० रुग्णांच्या चाचणीत, ज्यांच्या पायाची लांब शीर, म्हणजे सॅफेनस, एकाच सलग तुकड्यात वापरण्याजोगी होती त्यांच्यात आधी बायपास करणे फायद्याचे ठरले. २०२३ मधील ब्रिटनच्या बेसिल-२ या ३४५ रुग्णांच्या चाचणीत, गुडघ्याखालील धमन्यांवर उपचार लागणाऱ्या रुग्णांत, आधी फुग्याने धमनी उघडणाऱ्या गटात पाय शाबूत ठेवून जगणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले. मात्र हा फरक प्रामुख्याने मृत्यूंच्या संख्येमुळे पडला होता. माझ्या वाचनाप्रमाणे दोन्हींचा मेळ असा बसतो की, हृदय आणि मूत्रपिंडे दुबळी असतील तर कमी आघाताचा मार्ग धरावा, आणि रुग्ण शस्त्रक्रिया सोसण्याजोगा असेल, बंद भाग लांब असेल आणि शीर चांगली असेल तर बायपासला मागे सारू नये. या रुग्णाच्या हृदयाचा एको समाधानकारक होता आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.१ होते. सोनोग्राफीत उजवी सॅफेनस शीर जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत ३ ते ४ मिलिमीटर रुंद, मऊ आणि अखंड दिसली. निर्णय तिथेच झाला.

शीर उलटी करून मांडीच्या धमनीला जोडण्याची ही पद्धत पॅरिसमध्ये जाँ कुनलँ यांनी १९४८ मध्ये वापरली. शिरेतील झडपा रक्त वरच्या दिशेनेच जाऊ देतात, म्हणून शीर उलटी करून जोडली की त्या खाली जाणाऱ्या रक्ताला अडवत नाहीत. या रुग्णातही तेच केले. जोडणी गुडघ्याखालच्या धमनीला केली आणि काळे पडलेले बोट त्याच वेळी काढले.

टेबलावरचा आकडा

दोन्ही जोडण्या पूर्ण झाल्यावर ग्राफ्टवर अल्ट्रासाउंडचा फ्लोमीटर लावला. प्रवाह मिनिटाला ८५ मिलिलिटर होता. पॅपाव्हरिन हे सूक्ष्म धमन्या सैल करणारे औषध ग्राफ्टमध्ये दिल्यावर तो १७० पर्यंत गेला. बाहेर थांबलेल्या मुलाला ८५ हा आकडा कळला तेव्हा त्याने तो शंभरपैकी गुण असल्यासारखा ऐकला आणि नंतर प्रत्येक भेटीत ‘आता किती झाले?’ असे विचारत राहिला. त्याची चूक नव्हती, कारण शल्यचिकित्सकही हा आकडा बऱ्याचदा याच नजरेने पाहतात.

हा आकडा ग्राफ्टचा असल्यापेक्षा पावलाचा अधिक असतो. प्रवाह म्हणजे दाबातील फरक भागिले एकूण रोध, आणि शीर पुरेशी रुंद असेल तर एकूण रोधात तिचा वाटा अगदी लहान असतो. नळीचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, हा प्वाझयचा नियम येथे उपयोगी पडतो. ४० सेंटिमीटर लांब आणि ३.५ मिलिमीटर रुंद शिरेतून मिनिटाला ८५ मिलिलिटर रक्त नेताना दाब जेमतेम ४ मिलिमीटरने उतरतो. रुंदी ३ मिलिमीटर धरली तर ७ ते ८ ने उतरतो. आणि तीच शीर २ मिलिमीटर असती तर सुमारे ३८ मिलिमीटर दाब वाटेतच खर्ची पडला असता. रक्त स्पंदनांनी वाहते, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण ३ मिलिमीटरच्या आतील शीर शल्यचिकित्सक का नाकारतात हे त्यावरून समजते. या रुग्णात शिरेत खर्ची पडणारा दाब नगण्य होता. ८५ चा आकडा ठरवला तो एकट्या पेरोनियल धमनीने आणि तिच्या पलीकडील सूक्ष्म धमन्यांनी. पॅपाव्हरिनने त्या सैल झाल्या तेव्हा प्रवाह दुप्पट झाला, म्हणजे जोडण्यांत पीळ, अडथळा किंवा उचललेला पापुद्रा नव्हता. मला स्वतःला ८५ पेक्षा या वाढीतून अधिक दिलासा मिळाला. औषध दिल्यावरही प्रवाह हलला नसता, तर टाके घालण्यापूर्वी अँजिओग्राम करून जोडणी पुन्हा उघडण्याची तयारी ठेवावी लागली असती.

आकडा लहान असूनही ग्राफ्ट का टिकू शकतो, याचे उत्तर वेगात आहे. मिनिटाला ८५ मिलिलिटर रक्त ३.५ मिलिमीटर रुंद शिरेतून सरासरी सेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर वेगाने जाते. बाजारात मिळणारी कृत्रिम पीटीएफई नळी बहुधा ६ मिलिमीटरची असते. तिच्यातून तेवढेच रक्त सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने सरकेल आणि भिंतीवरील घर्षण शिरेच्या मानाने सुमारे एक पंचमांश राहील. संथ रक्त गोठते, आणि कृत्रिम नळीला गुठळी रोखणारे जिवंत अस्तरही नसते. म्हणूनच पावलाकडील वाटा अपुऱ्या असताना शीर तग धरते आणि कृत्रिम नळी बंद पडते. गुडघ्याखाली शीर वापरलेल्या ग्राफ्टपैकी पाच वर्षांनी साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश चालू असतात. कृत्रिम नळीचे प्रमाण त्याहून बरेच खाली असते आणि नडगीच्या धमन्यांपर्यंत गेल्यास आणखी घसरते. उजवी शीर नसती तर आम्ही डाव्या पायातून, तीही नसती तर हातातून शीर घेतली असती, आणि नळीकडे सर्वांत शेवटी वळलो असतो.

मात्र टेबलावरचा प्रवाह जे सांगतो ते पहिल्या महिन्यापुरते. त्या काळात ग्राफ्ट बंद पडतो तो तांत्रिक दोषाने, निकृष्ट शिरेने किंवा पलीकडे वाट नसल्याने, आणि यांपैकी बहुतेक गोष्टींची चाहूल फ्लोमीटरला लागते. साधारण दुसऱ्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत कारण वेगळे असते. कमी दाबाला सरावलेली शीर एकाएकी धमनीच्या दाबाखाली येते आणि तिची भिंत जाड होते. हे जुळवून घेणे आवश्यकच असते, पण झडपांच्या जागी, चिमटा लागलेल्या जागी आणि जोडांपाशी आतील थरातील पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि शीर तेथे आवळत जाते. दोन वर्षांनंतर मूळ धमनीविकार वर किंवा खाली सरकतो. या पुढच्या दोन्ही टप्प्यांची बीजे टेबलावर मोजता येत नाहीत.

हंगाम

जखम दहाव्या आठवड्यात भरली. अंगठ्याचा दाब ६२ झाला होता. अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि इन्सुलिन चालू होते. २०२० च्या व्हॉयेजर-पॅड चाचणीच्या आधारे रिव्हरॉक्सॅबान हे रक्त गोठू न देणारे औषध २.५ मिलिग्रॅम दोन वेळा सुरू केले होते. पाचव्या आठवड्यातील डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत, ग्राफ्टच्या मध्यावर सिस्टोलमधील (हृदय आकुंचन पावतानाचा) कमाल वेग सेकंदाला ६८ सेंटिमीटर होता. सप्टेंबरमध्ये तो ६४ होता, पण मांडीच्या वरच्या भागात एका झडपेच्या जागी वेग १५० पर्यंत चढलेला आढळला, म्हणजे शेजारच्या भागाच्या दुपटीहून किंचित अधिक. शीर आवळू लागली की त्या जागी रक्ताचा वेग असा वाढतो. एवढ्यावर काही करायचे नसते. पुढची तपासणी मात्र लवकर करायची असते.

अडचण येथे सुरू झाली. रुग्णाने आणि त्याच्या पत्नीने एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, म्हणून मुकादमाकडून उचल घेतली होती, आणि त्यातील मोठा भाग याच आजारपणात खर्च झाला होता. ऑक्टोबरअखेर टोळी पश्चिम महाराष्ट्रात निघणार होती. जाऊ नका असे सांगणे सोपे होते, पण कोयता मोडला, म्हणजे जोडी कामावर गेली नाही, तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत ती वळती होते. रुग्णाने मान हलवली असती आणि सांगितल्याविना निघून गेला असता. त्यामुळे बोलणे वेगळ्या अंगाने झाले. त्याने तोडणी न करता मोळ्या बांधण्याचे काम घ्यावे, फडात बूट घालावेत कारण उसाचे बुडखे तुरीच्या धसकटांइतकेच घातक असतात, आणि निघण्यापूर्वी एकदा व डिसेंबरमध्ये एकदा डॉप्लर करावा, एवढे ठरले. मुकादमाशी त्याच्यासमोरच फोनवर बोललो. मुकादमालाही पाय गमावलेला मजूर नको होता, हे येथे नोंदवले पाहिजे.

निघण्यापूर्वीच्या तपासणीत झडपेपाशी वेग २१० आणि शेजारच्या भागाशी त्याचे गुणोत्तर २.६ होते, ग्राफ्टच्या मध्यावरचा वेग ५५ वर उतरला होता. डिसेंबरमधील तपासणी कारखान्याजवळच्या तालुक्याच्या गावी होणार होती, आणि अशा तपासणीचे अहवाल बहुधा ‘ग्राफ्ट चालू आहे’ एवढ्याच वाक्यात संपतात; कधी कधी तर पायाच्या शिरांत गुठळी नाही, असेच लिहून येते. म्हणून रुग्णासोबत दिलेल्या चिठ्ठीत आम्ही स्पष्ट लिहिले की वरची जोडणी, ग्राफ्टचा वरचा, मधला व खालचा भाग आणि खालची जोडणी या प्रत्येक ठिकाणचा कमाल वेग सेंटिमीटरमध्ये द्यावा, वेग अचानक चढलेली जागा जांघेपासून मोजून सांगावी, आणि वेग ३०० च्या वर, गुणोत्तर ३.५ च्या वर किंवा मध्यावरचा वेग ४५ च्या खाली आढळल्यास त्याच दिवशी फोन करावा. माझ्या समजुतीप्रमाणे या प्रकरणात पाय वाचवण्याच्या कामी जांघेतील टाक्यांइतकाच या चिठ्ठीचा वाटा आहे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथील रेडिओलॉजिस्टचा फोन आला. झडपेपाशी वेग ३४०, गुणोत्तर ४.१ आणि मध्यावरचा वेग ३८. रुग्णाला काहीही त्रास नव्हता; फोनवर तो ‘पाय झकास आहे’ असेच म्हणत होता आणि त्यात खोटे काही नव्हते. नळीची रुंदी निम्म्याहून कमी होईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह फारसा घटत नाही, कारण पलीकडील सूक्ष्म धमन्या सैल होऊन ती तूट भरून काढतात. मग थोड्याच आणखी आवळण्याने प्रवाह झपाट्याने कोसळतो आणि रक्त गोठते. एकदा गोठलेला शिरेचा ग्राफ्ट पुन्हा उघडता येतो, पण त्याचे अस्तर दुखावलेले असते आणि तो दीर्घकाळ टिकत नाही. तक्रार सुरू होण्याची वाट पाहणे येथे परवडत नाही ते याच कारणाने.

चार दिवसांत रुग्ण संभाजीनगरला आला. आवळलेला भाग दीड सेंटिमीटरचा होता. भाग लांब असता किंवा शस्त्रक्रियेला तीन महिनेही झाले नसते, तर तेथे शिरेचे ठिगळ लावणे मी पसंत केले असते. भाग आखूड आणि सहा महिन्यांनी आलेला असल्यामुळे ४ मिलिमीटरच्या फुग्याने तो उघडला. वेग १३० वर आला, मध्यावरचा ६६ झाला. चौकशीत समजले की नोव्हेंबरमध्ये फडावर गेल्यावर विडी पुन्हा सुरू झाली होती. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत ग्राफ्ट बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो आणि सोडल्यास तो न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. तरीही याच झडपेपाशी सप्टेंबरमध्येच बदल दिसू लागला होता, त्यामुळे सगळा दोष विडीवर टाकणे योग्य होणार नाही.

यश कशाला म्हणायचे

शास्त्रीय व्याख्येनुसार या ग्राफ्टचे प्राथमिक यश सहाव्या महिन्यातच संपले, कारण त्यावर पुन्हा उपचार करावा लागला. बंद पडण्यापूर्वीच उपचार झाल्यामुळे तो आता साहाय्यित यशात मोजला जाईल. बंद पडल्यावर उघडला असता तर दुय्यम यशात गेला असता. रुग्णालये आपले निकाल सांगताना यांतील कोणता आकडा सांगतात हे विचारून घेतले पाहिजे, कारण त्याच रुग्णांचे तिन्ही आकडे एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. पाय वाचण्याचे प्रमाण तर या तिन्हींहून चांगले असते. जखम भरताना पावलाला जेवढे रक्त लागते तेवढे ती भरल्यावर शाबूत कातडीला लागत नाही.

ठरावीक काळाने डॉप्लर करण्याच्या विरोधातही पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५९४ रुग्णांच्या चाचणीत, नियमित डॉप्लर केलेल्या आणि केवळ तपासणी व घोट्याच्या निर्देशांकावर लक्ष ठेवलेल्या गटांत दीड वर्षानंतर पाय गमावण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही, खर्च मात्र वाढला. परंतु त्या चाचणीतील दुसऱ्या गटाचे रुग्णही ठरलेल्या दिवशी दवाखान्यात येत होते. आमच्या रुग्णाचा निर्देशांक कॅल्शियममुळे निरुपयोगी होता, तक्रार नव्हती, आणि हंगामात त्याचा पाय कोणी पाहणार नव्हते. अशा रुग्णासाठी डॉप्लरला पर्याय तरी काय होता, हा प्रश्न त्या निष्कर्षाने सुटत नाही. प्रत्येक ग्राफ्टवर आयुष्यभर तीन महिन्यांनी डॉप्लर करावा असे मी म्हणणार नाही. पहिल्या दीड वर्षात मात्र तो चुकवू नये, आणि तारखा हंगामाकडे पाहूनच ठरवाव्यात. शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये होऊ शकली तर सहाव्या महिन्याची तपासणी टोळी निघण्यापूर्वी उरकते, एवढा साधा फायदाही हाती लागतो.

त्यानंतरच्या दोन हंगामांत पत्नीबरोबर कोयत्याला मुलगा गेला आणि रुग्ण गावीच राहिला. फुग्यानंतरच्या चौथ्या महिन्यात त्याच जागी वेग १६० होता आणि तेथेच स्थिरावला. मध्यावरचा वेग ६० च्या आसपास आहे. विडी सुटली, मळलेली तंबाखू सुटलेली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी १०.२ वरून ७.८ वर आले आहे. पायाचा एवढा गंभीर रक्तपुरवठा-विकार असलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण पाच वर्षांत दगावतात आणि त्यांतील बहुतेक हृदयविकाराने, त्यामुळे त्याचा ईसीजी आणि कोलेस्टेरॉल यांकडे ग्राफ्टइतकेच लक्ष आहे. अलीकडे डावी पोटरीही चढावर भरून येऊ लागली आहे. त्या पायाला सध्या रोजच्या चालण्याचा व्यायाम आणि गोळ्या एवढेच दिले आहे. डावी सॅफेनस शीर सोनोग्राफीत चांगली असल्याचे नोंदवून, त्या पायाच्या शिरेत सलाइनची सुई लावू नये, असे त्याच्या कार्डावर लाल शाईने लिहिले आहे.